लाईट गेली की लॅपटॉप आपोआप शटडाऊन करता येतो का?

येतो. विंडोजमध्ये त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअरही लागत नाही. तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप रात्रभर चालू असतो, बॅटरी जुनी आहे, आणि घरचे म्हणतात, "बॅटरी आहेच की, एवढं काय त्यात?" हेच वाक्य मी ऐकून घेतलंय, म्हणून लिहायला बसले.

मी गावच्या दूध संस्थेत कॉम्प्युटरवर बसते. दूध मापलं, फॅट-एसएनएफ (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन पदार्थ) लागलं की आकडे लॅपटॉपमध्ये आणि पावती उत्पादकाच्या हातात. दर दहा दिवसांनी बिल. २०१९च्या जुलैमध्ये, बिलाला एक दिवस उरला असताना, संध्याकाळच्या संकलनात लाईट गेली. फॅट मशीन आणि दोन बल्ब इन्व्हर्टरवर होते. लॅपटॉपचा प्लग नव्हता, कारण "त्याला बॅटरी आहे." कोपऱ्यात ६१ टक्के दिसत होते. बाहेर किटल्या घेऊन रांग उभी. एका म्हशीच्या दुधाचं फॅट टाकत होते आणि स्क्रीन काळी झाली. ६१ वरून थेट बंद.

लाईट आल्यावर लॅपटॉप सुरू झाला, पण हिशेबाची फाईल उघडेना. पेनड्राइव्हवर बॅकअप फक्त बिलाच्या दिवशी घ्यायची पद्धत होती, म्हणजे नऊ दिवसांचा हिशेब गेला. मग दोन दिवस घरोघर फिरून पावत्या गोळा केल्या. बहुतेकांनी जपल्या होत्या. एका आजींनी चुलीमागच्या फळीवर खोचून ठेवलेल्या. तो थर्मल कागद, ऊब लागली की काळा पडतो. सतराच्या सतरा पावत्या काळ्या. त्यांचं दूध मी आणि मापाड्यानं आठवून लिहिलं. आजी "बरोबर आहे बाळा" म्हणाल्या. बरोबर होतं का, ते मला आजही सांगता येणार नाही.

आणि मीटिंगमध्ये चेअरमन सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरीनं गडबडीत बटण दाबून बंद केला असणार."

त्या रात्री मी कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायची विंडोजची काळी खिडकी) बॅटरीचा रिपोर्ट काढणारी 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' ही कमांड चालवली. डिझाइन कॅपॅसिटी, म्हणजे नवी असतानाची क्षमता, ४१ हजार मिलीवॅट-अवरच्या आसपास, फुल चार्ज कॅपॅसिटी, म्हणजे आता पूर्ण चार्जला मावते ती, साडेसहा हजार. बॅटरी सहाव्या हिश्श्यावर आली होती आणि कोपऱ्यातले टक्के त्या उरलेल्या हिश्श्याचे होते. तेही धड खरे नाहीत, कारण झिजलेल्या सेलचा व्होल्टेज लोड आला की एकदम बसतो. म्हणून "क्रिटिकल बॅटरी लेव्हल (ज्या टक्क्याला विंडोज स्वतः लॅपटॉप बंद करतं) वाढवून ठेवा" हा सल्ला जुन्या बॅटरीला बिनकामाचा आहे. टक्क्यांवर विसंबू नका, लाईट गेली या घटनेवरच काम करा.

चार्जरचा पुरवठा आला-गेला की विंडोजच्या सिस्टिम लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर' या नावाखाली १०५ नंबरची नोंद (इव्हेंट) पडते. टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरवून दिलेलं काम आपोआप चालवणारं विंडोजमधलंच साधन, त्यात त्या इव्हेंटवर टास्क लावायचा. नोंद दोन्ही वेळा पडते, म्हणून कस्टम फिल्टरच्या एक्सएमएलमध्ये (अट लिहायच्या चौकटीत) 'एसीऑनलाइन' फॉल्स, म्हणजे चार्जरचा पुरवठा नाही, असं असेल तरच, अशी अट घाला. अ‍ॅक्शनमध्ये 'शटडाऊन /एस /टी १८०', म्हणजे तीन मिनिटांनी बंद. दुसरा टास्क एसीऑनलाइन ट्रू झाल्यावर 'शटडाऊन /ए' चालवणारा. आमच्याकडे लाईट जाते आणि मिनिटभरात येते, तेव्हा हा दुसरा टास्क शटडाऊन रद्द करतो.

आता जिथे माझ्या दोन संध्याकाळी गेल्या ते सांगते. मी प्लग उपसत होते आणि काहीच होत नव्हतं. टास्कच्या कंडिशन्स टॅबमध्ये 'कॉम्प्युटर एसी पॉवरवर असेल तरच टास्क सुरू करा' ही टिक आधीपासूनच असते. लाईट गेल्यावर चालायचा टास्क, आणि त्याला अट लाईट असण्याची! ती टिक काढा, तिच्याखालची बॅटरीवर गेल्यावर थांबवणारीही काढा. मग स्वतः प्लग उपसून घड्याळ लावून बघा.

एक गोष्ट वर लिहायला हवी होती. /टी मध्ये शून्यापेक्षा मोठा आकडा दिला की उघडे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद होतात, सेव्ह न केलेलं जातं. रात्री तुमचं काही अर्धवट उघडं राहत असेल तर हायबरनेट बरं (उघडं काम डिस्कवर जसंच्या तसं ठेवून बंद होणं), 'शटडाऊन /एच'. पण त्याला /टी चालत नाही, तीन मिनिटांची सवलत मिळत नाही. शिवाय लाईट आल्यावर लॅपटॉप आपोआप सुरू होईल असं धरू नका. काहींच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) तशी सोय असते, आमच्यात नव्हती. आणि बॅटरी तीन मिनिटंही टिकत नसेल तर यातलं काहीच कामाचं नाही, नवी बॅटरी घ्या.

आम्ही शेवटी घेतली. पण त्याआधी पुढच्या मीटिंगला तो रिपोर्ट छापून नेला आणि दोन्ही आकड्यांखाली लाल रेघ मारून टेबलावर ठेवला. चेअरमननी चष्मा लावून वाचला आणि सचिवांना बॅटरीचा भाव काढायला सांगितलं. माझ्याबद्दल जे बोलले होते ते मात्र मागे घेतलं नाही. तुम्हीही रिपोर्ट आजच काढा, छापा आणि "एवढं काय त्यात" म्हणणाऱ्या माणसाच्या हातात द्या.