कॉलेजचं नाव आणि घरातली धास्ती

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. त्यात कॉलेजांची नावं भरपूर आहेत, आणि तुला नेमकं काय शिकायचंय याबद्दल शेवटी घाईत लिहिलेली एकच ओळ. त्या ओळीकडे नंतर येतो. आधी नावांबद्दल, कारण घरातलं भांडण त्यांच्यावरून पेटलंय.

‘तिथे नाही मिळालं तर पुढे काय होणार तुझं?’ हे आईचं वाक्य वाचून तुला वाटलं, तिचा आपल्यावर विश्वास नाही. मला त्यात धास्ती ऐकू आली. तुझे आईवडील ज्या परिस्थितीतून वर आले, ती तुला फक्त ऐकून माहीत आहे. त्यांनी ती सोसली आहे. रिचर्ड ब्रीन आणि जॉन गोल्डथॉर्प या समाजशास्त्रज्ञांनी १९९७ साली मांडलं होतं की मुलांच्या शिक्षणाचा निर्णय घेताना कुटुंबं आधी एवढंच बघतात, की मूल आपल्यापेक्षा खाली जाऊ नये. आणखी वर जाणं ही नंतरची गोष्ट. म्हणून जेमतेम स्थिरस्थावर झालेल्या घरात ताण जास्त असतो, असं मी तरी पाहत आलो आहे. अगदी वरच्यांना पडायची भीती नसते, आणि अगदी खालच्यांना त्याहून तातडीच्या काळज्या असतात.

ही भीती खुळी आहे असं मात्र समजू नकोस. अमेरिकेत १९४० साली जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मोठेपणी आईवडिलांपेक्षा जास्त कमवत होती. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांमध्ये हे प्रमाण निम्म्यावर आलं. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हा हिशेब मांडला. म्हणजे ‘पुढची पिढी आपोआप वर जाते’ हा भरवसा तिथेही उरलेला नाही. तुझ्या घरच्यांना जे जाणवतंय, त्याला बाहेरच्या जगात आधार आहे. चूक होते ती उपायात: सगळी भीती एका कॉलेजच्या दारावर नेऊन टांगायची.

नावाने फरक पडतो का? नावाजलेल्या कॉलेजांतून निघालेल्यांची कमाई जास्त असते, हे खरं. पण ती कॉलेजमुळे, की ती मुलं मुळातच हुशार आणि खटपटी होती म्हणून? स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांनी १९७६ साली कॉलेजात गेलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांची माहिती घेऊन हा गुंता सोडवून पाहिला. ज्यांना सारख्याच दर्जाच्या कॉलेजांकडून सारखेच होकार-नकार आले होते, अशी मुलं त्यांनी शेजारी ठेवली. त्यातली काही मोठ्या नावाच्या कॉलेजात गेली, काही गेली नाहीत. पुढे त्यांच्या सरासरी कमाईत जवळजवळ फरक दिसला नाही. त्यांच्या निष्कर्षांत अपवाद होता तो गरीब घरच्या आणि कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांचा. त्यांना नावाचा फायदा झाला, बहुधा ओळखीपाळखी घरातून मिळत नसल्यामुळे. तुझ्या घरात पदवी घेणारी तू पहिलीच पिढी असशील, तर आईच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मान्य करायला लाजू नकोस.

२०२३ मध्ये चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन यांनी अमेरिकेतली सगळ्यात दुर्मीळ प्रवेशाची बारा कॉलेजं घेतली. तिथे गेल्याने सरासरी कमाई फारशी बदलली नाही, पण अगदी वरच्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता दीडपटीच्या आसपास गेली आणि नामांकित कंपनीत नोकरीची शक्यता जवळपास तिप्पट झाली. थोडक्यात, शिखरावर जायचं असेल तर नाव उपयोगी पडतं. खाली पडण्यापासून नावच वाचवतं, असं यातून दिसत नाही. तुझ्या घरची भीती तर पडण्याची आहे. हा फरक त्यांना समजावता आला तर अर्धं भांडण मिटेल.

कॉलेजांच्या क्रमवारीबद्दल माझं मत चांगलं नाही, ते सांगून टाकतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाने क्रमवारीसाठी दिलेल्या आकड्यांवर तिथल्याच एका गणिताच्या प्राध्यापकाने बोट ठेवलं आणि विद्यापीठ दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर घसरलं. वर्ग तेच, शिकवणारे तेच, ग्रंथालय तेच.

आता घरी काय करायचं ते. ‘मला माझं आयुष्य जगू द्या’ या वाक्याने सुरुवात करू नकोस. त्याने भीती वाढते. बाबांना शांतपणे विचार: मी या दुसऱ्या कॉलेजात गेले किंवा गेलो, तर दहा वर्षांनी तुम्हाला नेमकं काय वाईट दिसतं? नोकरी नाही? कर्ज? लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील? उत्तर आलं की मध्ये बोलू नकोस, लिहून घे. नोकरी आणि कर्ज यांना माहितीने उत्तर देता येतं. लोकांना देता येत नाही, पण भीती निम्मी लोकांचीच आहे हे एकदा बोललं गेलं तर बाबाही जरा सैल होतील.

मग माहिती जमव, कॉलेजची नव्हे, तुझ्या विभागाची. गेल्या दोन-तीन वर्षांत तिथून बाहेर पडलेल्या चार-पाच जणांना गाठ आणि विचार: पहिली नोकरी कशी मिळाली, कोणते प्राध्यापक मुलांना वेळ देतात, प्रकल्प खरे असतात की कागदावरचे. २०१४ साली अमेरिकेत तीस हजारांहून जास्त पदवीधरांच्या पाहणीत दिसलं होतं की नंतर कामात मन रमणं हे कॉलेजच्या प्रतिष्ठेपेक्षा जिव्हाळ्याने लक्ष घालणारा एखादा शिक्षक मिळाला होता का, याच्याशी जास्त जोडलेलं आहे. हे माहितीपत्रकात छापलेलं नसतं, विचारावं लागतं.

कर्जाचा हिशेब वेगळ्या कागदावर मांड आणि त्यात सुरुवातीचा पगार जरा कमीच धर. मोठ्या नावासाठी घर कर्जात बुडणार असेल, तर ज्या घसरणीला घाबरून हे सगळं चाललंय, ती आपणच ओढवून घेतल्यासारखं होईल. हे तू बोललीस किंवा बोललास तर उद्धटपणा वाटेल. आकडे समोर ठेवले तर वाटणार नाही.

आणि ती शेवटची ओळ. पुढच्या पत्रात ती पानभर लिहून पाठव. त्यात काय शिकायचंय हे स्पष्ट झालं, की यादीतली काही नावं तूच खोडशील. फी भरायच्या तारखेआधी लिही म्हणजे झालं.

तुझा,
सर