फीअल्टी : निष्ठा की इमान?

मध्ययुगीन युरोपावरच्या कादंबरीचा अनुवाद करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारले आहे : 'फीअल्टी' हा शब्द सारखा येतो, त्याला 'निष्ठा' म्हणून चालेल का? आणि मग लॉयल्टीला काय म्हणायचे?

चालेल, पण शब्दातला जीव जाईल. निष्ठा मनात असते. फीअल्टी म्हणजे धन्याशी असलेली बांधिलकी, ती शपथ घेऊन पत्करावी लागे. जमीन मिळालेला सरदार धन्यापुढे गुडघे टेकी, जोडलेले हात त्याच्या हातांत देई आणि 'मी तुमचा माणूस' असे म्हणे. हे झाले होमेज. त्यातला 'होम' म्हणजे घर नव्हे, माणूसच (लॅटिन 'होमो'). मग बायबलवर किंवा संतांच्या अवशेषांवर हात ठेवून वाहायची ती फीअल्टीची शपथ. १०८६ साली इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने सॉल्झबरीला बड्या जमीनदारांकडून ती वदवून घेतली, मग ते कोणाचेही मांडलिक असोत.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते फ्रान्समधल्या शार्त्रचे बिशप फुलबेर यांचे १०२० च्या सुमाराचे पत्र. धन्याला इजा करू नये, त्याची गुपिते फोडू नयेत, हे तर ते सांगतातच. पण नुसते वाईट टाळणे पुरेसे नाही, सल्ला आणि साहाय्यही दिले पाहिजे, आणि धन्यानेही तसेच वागले पाहिजे, असे बजावतात. बंधन दोन्हीकडून होते.

मूळ लॅटिन 'फिदेस', म्हणजे विश्वास. त्यावरून 'फिदेलितास', आणि जुन्या फ्रेंचमधून झिजत आलेले त्याचे रूप म्हणजे फीअल्टी. तोच लॅटिन शब्द पुढे न झिजता पुन्हा आला, तो फिडेलिटी. फेथही याच घरातला. लॉयलचे घराणे वेगळे : ते 'लेक्स' म्हणजे कायद्यावरून आले, लीगलचा तो सख्खा भाऊ. (आपण भरतो त्या 'फी'चा इथे संबंध नाही. ती जर्मानिक 'फेहू'वरून, म्हणजे गुराढोरांवरून आली. संस्कृत 'पशु' तिचा दूरचा नातलग.)

म्हणून माझे मत 'इमान'. अरबीत ईमान म्हणजे श्रद्धा. मराठीत तो शब्द धन्याशी राखायच्या सचोटीपर्यंत आला आणि 'इमानेइतबारे चाकरी' रूढ झाली. फिदेसनेही हीच वाट चालली. निष्ठा लॉयल्टीसाठी राखून ठेवावी.

शपथेसाठी आपल्याकडे 'बेलभंडार उचलणे' आहे, पण बायबलवर हात ठेवणाऱ्या नाइटला ते शोभणार नाही. तिथे 'इमानाची शपथ वाहिली' एवढेच लिहावे.