गारुड्याकडून सोडवलेला नाग पार खंगला आहे. तो वाचेल का? घरी काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की गावातल्या पोरांनी गारुड्याच्या टोपलीतून नाग सोडवला. तो सध्या मित्राच्या पडवीत प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये आहे, फणा काढत नाही, तोंड एका बाजूने सुजलंय, आणि आज सकाळी वाटीत दूध ठेवलं तर थोडं प्यायला.

वाचू शकतो. पण त्या पडवीत नाही. म्हणून पुढचं वाचायच्या आधी वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन लावा, किंवा तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कोणाला तरी पाठवा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार नाग घरी ठेवता येत नाही, उपचारासाठी सुद्धा नाही. असा प्राणी कोणत्याही कारणाने हाती आला तर 48 तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. पोरांनी चांगल्या मनाने केलंय, तर ते त्यांनीच पुढे होऊन सांगितलेलं बरं.

माणसं येईपर्यंत करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. ड्रम उन्हात नको आणि ओल्या फरशीवरही नको, घरातल्या शांत कोपऱ्यात ठेवा. झाकणाला बारीक भोकं असू द्या आणि ते दोरीने किंवा वजनाने पक्कं करा. वरून पोतं टाकून अंधार करा. दूध लगेच बंद. ड्रममध्ये आणखी काही सारायला जाऊ नका. बघायला येणाऱ्यांची रीघ थांबवा, मोबाइलचे फ्लॅश थांबवा. आणि त्याला हात लावू नका, काठीने हलवूनही बघू नका.

हे निक्षून सांगतेय, कारण ‘याचे दात काढलेत, आता हा बिनविषारी’ ही समजूत जीव घेते. नागाच्या प्रत्येक विषदंतामागे हिरडीत राखीव दात रांगेने तयार होत असतात. पुढचा उपटला तर मागचा काही आठवड्यांत त्याच्या जागी येतो. विषाची ग्रंथी बहुतेकदा शाबूतच असते. हा नाग गारुड्याकडे किती दिवस होता, दात कधी काढले, तुम्हाला माहीत नाही. कोणाला चावलाच, तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही न करता थेट सरकारी रुग्णालय गाठा. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते.

आता दुधाबद्दल. साप मांसाहारी आहे, दूध त्याला पचत नाही. मग तो प्यायला कसा? तहानेने. नागपंचमीच्या आधी बरेच दिवस या नागांना अन्न आणि पाणी दोन्ही तोडतात, म्हणजे वाटीत जे काही पातळ येईल त्याला तो तोंड लावतो. लोक म्हणतात नागोबा दूध प्याले. नुकसान नुसतं पोटाचं होत नाही. सापाच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच, खालच्या जबड्याच्या तळाशी उघडतं. जबरदस्तीने ओतलेलं दूध सरळ तिथून फुप्फुसात उतरतं. नागाचं एकच, उजवं फुप्फुस खऱ्या अर्थाने काम करतं. त्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्यामुळे खोकून काही बाहेर टाकता येत नाही. आत गेलेलं आतच कुजतं. तुमचा नाग तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, मान वर ताणून बसत असेल किंवा नाकपुडीशी बुडबुडे दिसत असतील, तर फोनवर हे सगळ्यात आधी सांगा.

मी वनविभागाच्या परवानगीने चालणाऱ्या एका वन्यप्राणी उपचार केंद्रात पशुवैद्यकांच्या हाताखाली काम करते. श्रावण लागला की आमच्याकडे असे नाग येतात, आणि तुम्ही वर्णन केलंय तसेच येतात. एक नाग मला अगदी बारकाईने आठवतो, कारण त्याच्यावर करायचं म्हणून जे काही असतं ते जवळपास सगळं करावं लागलं. साडेतीन फुटांचा, पण काट्यावर त्या लांबीच्या सुदृढ नागाच्या निम्माही भरला नाही. पाठीचा कणा धारेसारखा वर आलेला. दोन्ही बाजूंना कातडीच्या उभ्या घड्या पडलेल्या, बोटाने दाबली तर घडी तशीच राहायची. डोळे आत गेलेले. फण्यावर हळदकुंकवाचा थर तेलात मुरून खवल्यांमध्ये बसलेला. आणि ओठांच्या कडेला काळ्या दोऱ्याचे टाके. तोंड शिवलं होतं, मधोमध फक्त जीभ बाहेर यायला फट ठेवलेली.

पहिल्या दिवशी आम्ही त्याच्या तोंडाला हातच लावला नाही. बघणाऱ्याला हे निर्दयपणाचं वाटतं, पण एवढ्या सुकलेल्या सापाला पकडून, भूल देऊन टाके काढायला गेलं तर तो टेबलावरच जातो. आधी ऊब आणि पाणी.

ऊब कशासाठी, तर साप स्वतःची उष्णता तयार करत नाही. बाहेर गारवा असेल तर त्याचं पचन थांबतं, रोगाशी झुंजायची ताकद थांबते, टोचलेलं औषधही नीट काम करत नाही. श्रावणातल्या ओल्या गार हवेत निरोगी नाग बिळात किंवा उन्हाच्या तिरिपेला जाऊन आपलं बघून घेतो, टोपलीतला नाग काय करणार? पेटीच्या एका टोकाला बाहेरून उष्णता देतो, तिथे साधारण 30 अंश सेल्सियस. दुसरं टोक चार-पाच अंशांनी थंड. कुठे बसायचं ते तो ठरवतो. आत बल्ब कधीच लावत नाही, अशक्त साप गरम काचेला टेकून भाजून घेतो. खाली साधं वर्तमानपत्र, म्हणजे विष्ठा, रक्त, गोचीड, काहीही पडलं तरी लगेच दिसतं. आणि लपायला कडेला भोक पाडलेलं उपडं मडकं. मडकं चैनीचं नाही. लपायला जागा नसलेला साप सतत ताणात राहतो आणि ताणातला साप खात नाही.

पाण्यासाठी कोमट पाण्याचा उथळ टब, पाणी इतकंच की डोकं सहज वर राहील. वीस मिनिटं ठेवायचं आणि नजर हलवायची नाही, कारण दमलेला साप एवढ्याशा पाण्यातही बुडतो. तुमच्या नागाला मात्र हे घरी करू नका. जास्त सुकलेल्याला डॉक्टर सलाइनही देतात, तेही वजनाच्या हिशोबाने, थोडं थोडं, कातडीखाली. या नागाच्या कातडीच्या घड्या हळूहळू विरल्या. एका सकाळी कागदावर पांढरा, ओलसर यूरेट पडलेला दिसला. सापाची लघवी अशी घट्ट असते. पाणी कमी पडलं की ती पिवळी आणि कोरडी खडा होऊन येते, किंवा येतच नाही. तो पांढरा डाग बघून मूत्रपिंडं चालू आहेत हे कळलं आणि डॉक्टरांनी तोंडाचं काम हाती घ्यायचं ठरवलं.

नागाला पारदर्शक नळीत डोक्याकडून सरकवतात, पुढचा भाग नळीत गेला की मागून धरतात, मग हलकी भूल. टाके एकेक कापून काढले. आत दोन्ही विषदंतांच्या जागी खड्डे, आणि उजव्या बाजूला हिरडीवर पिवळट थर. सापाचा पू आपल्यासारखा वाहत नाही, पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट होऊन बसतो. त्याच्या आत औषध पोचत नाही, तो काढावाच लागतो. बोथट टोकाच्या चिमट्याने तुकडा तुकडा सोडवायचा, पातळ केलेल्या आयोडीनने धुवायचं, धुतलेलं पाणी घशाकडे जाणार नाही अशी मान खाली कलती ठेवायची. त्या एका बाजूला इतका वेळ लागला की मध्ये थांबून भूल तपासावी लागली. सुदैवाने जबड्याचं हाड सडलं नव्हतं. तुमच्या नागाची एका बाजूची सूज बहुधा अशाच प्रकारची आहे, आणि म्हणून ती घरी चिमटा घेऊन बघण्यासारखी नाही.

प्रतिजैविकाची इंजेक्शनं त्यानंतर सुरू झाली. सापाच्या शरीरातून औषध फार सावकाश बाहेर पडतं, म्हणून सेफ्टाझिडिमसारखं इंजेक्शन रोज नाही, दर तीन दिवसांनी देतात. टोचतात शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात, कारण मागच्या भागातलं रक्त मूत्रपिंडांवरून जातं. माणसांच्या किंवा गुरांच्या औषधाचा अंदाजाने डोस काढून टोचणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून तुमच्या गावात कोणाला तसं करू देऊ नका.

भुकेचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मित्र नक्की विचारेल. एवढा उपाशी जीव, एक मोठा उंदीर देऊ का? नको. दीर्घ उपासात शरीरातला फॉस्फरस आणि पोटॅशियमचा साठा संपत आलेला असतो. अचानक भरपूर अन्न आलं की रक्तात उरलेसुरले हे क्षारही पेशी ओढून घेतात, आणि हृदय बंद पडतं. उपासाने न मेलेला साप पहिल्या जेवणाने मरतो. आम्ही आधी पाणी पूर्ण भरून काढतो, तोंडाची जखम भरायची वाट बघतो, मग अगदी लहान मेलेलं उंदराचं पिल्लू मडक्याच्या तोंडाशी ठेवून खोलीतून निघून जातो. या नागाने पहिल्यांदा ते तसंच ठेवलं. पुढच्या खेपेलाही तसंच. दोन्ही वेळा मुकाट्याने उचललं. नंतर एकदा सकाळी पिल्लू नव्हतं, आणि मडक्याच्या आत जीभ लवलवत होती. त्या दिवशी केंद्रात सगळ्यांनी एकमेकांना फोन करून सांगितलं.

खाल्ल्यावर तीन-चार दिवस त्याला अजिबात उचलायचं नाही. उचललं तर ओकतो, आणि ओकला की कमावलेलं सगळं गेलं, पुन्हा दहा-बारा दिवस पोटाला विश्रांती द्यावी लागते. नव्या स्वयंसेवकांना हेच सगळ्यात जड जातं. प्रेम वाटतं, जवळ जावंसं वाटतं, सारखं बघावंसं वाटतं. सापाला त्यातलं काही नको असतं. पाणी बदलणं, कागद बदलणं, ठरल्या दिवशी वजन करणं, आणि बाकी वेळ दार लावून ठेवणं. माझ्या मते बऱ्या झालेल्या नागांमागे औषधांइतकंच हे बंद दार आहे.

मग कात. खंगलेल्या सापाची कात तुकड्यातुकड्यांत निघते, शेपटीच्या टोकाशी आवळून बसते, डोळ्यावरचा पापुद्रा तसाच राहतो. ती ओढून काढायची नसते. डोळ्यावरची ओढली तर डोळाच जातो. पेटीत ओलं कापड ठेवून ओलावा वाढवायचा आणि पुढच्या कातेची वाट बघायची. या नागाचे डोळे निळसर दुधी झाले, पुन्हा स्वच्छ झाले, आणि काही दिवसांनी मडक्याला वळसा घालून अख्खी कात पडलेली सापडली. ती उजेडात धरून बघायची असते, डोक्याच्या जागी दोन गोल पारदर्शक टिकल्या दिसल्या म्हणजे दोन्ही डोळे मोकळे झाले. दिसल्या. हळदकुंकवाचे शेवटचे डागही त्याच कातेबरोबर निघून गेले.

सोडायचं कधी, हे नुसतं वजनावर ठरत नाही. दात परत आलेत का, स्वतःहून भक्ष्य धरून गिळतो का, विष्ठेच्या तपासणीत जंत आहेत का, माणूस दिसला की फणा काढून फुत्कारतो का की मरगळून पडून राहतो, हे सगळं डॉक्टर बघतात. गारुड्यावर गुन्हा दाखल झाला असेल तर नाग खटल्यातला मुद्देमाल असतो आणि न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. या नागाला वन कर्मचाऱ्यांनी वस्तीपासून लांब, पाणी आणि झुडपं असलेल्या माळाच्या कडेला संध्याकाळी सोडलं.

सगळे असे जात नाहीत, हेही तुम्हाला सांगायला हवं. काहींच्या दातांबरोबर जबड्याचं हाडच तोडलेलं असतं, तिथे दात परत येत नाहीत. असा नाग बाहेर शिकार करू शकत नाही. काहींच्या फुप्फुसात दूध इतकं मुरलेलं असतं की ते आल्या रात्रीच जातात. तुमचा नाग कोणत्या प्रकारातला आहे हे तोंड उघडून बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही. तो अजून स्वतःहून वाटीपर्यंत आला, एवढी एक गोष्ट मात्र मला आशेची वाटते.

वनरक्षक आले की त्यांना नीट सांगा: दूध किती वाजता आणि साधारण किती प्यायला, गारुडी कुठल्या बाजूने आला होता, त्याच्याकडे आणखी टोपल्या होत्या का. शेवटचं विसरू नका. गारुडी क्वचितच एकच नाग घेऊन फिरतो, आणि बाकीचे अजून त्याच्याकडेच असतील.