गर्दीच्या चौकात सिग्नल बसवायचा की नाही, हे कशावरून ठरवतात?

तुमच्या प्रश्नातला चौक असा आहे: मुख्य रस्ता दुभाजकाचा, दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन. आडवा रस्ता अरुंद, एकेका लेनचा. सकाळ-संध्याकाळ आडव्या रस्त्यावर लांब रांग लागते, वर्षभरात काही धडका झाल्यात आणि आसपासचे लोक सिग्नल मागताहेत. तो बसवावा का, आणि ते कशाच्या आधारावर ठरवायचं?

सगळ्यात आधी रांग कशामुळे लागते ते शोधा. सिग्नल एकच काम करतो: आळीपाळीने एकाला थांबवून दुसऱ्याला सोडतो. मुख्य रस्त्यावरच्या वाहनांमध्ये फट मिळत नाही म्हणून आडव्या रस्त्याची रांग वाढत असेल, तर सिग्नलचा उपयोग होतो. पण कोपऱ्यावर उभ्या केलेल्या गाड्या, चौकाच्या तोंडाशी असलेला बसथांबा किंवा पुढच्या चौकातून मागे आलेली रांग हे कारण असेल, तर सिग्नल परिस्थिती बिघडवतो. कारण प्रत्येक फेरीत (सगळ्या बाजूंना एकेकदा हिरवा मिळेपर्यंतच्या वेळात) पिवळा दिवा, सर्व बाजूंचा लाल आणि वाहनं हलायला लागणारा वेळ मिळून ८ ते १० सेकंद कोणाच्याच कामी येत नाहीत. आधीच अडलेल्या चौकातून आपण तेवढा वेळ आणखी काढून घेतो.

फटीचा हिशेब सोपा आहे आणि तो करून बघण्यासारखा आहे. आडव्या रस्त्यावरून सरळ पार जायला कारचालकाला साधारण साडेसहा सेकंदांची फट लागते. मुख्य रस्त्यावर दोन्ही दिशांची मिळून तासाला ६०० वाहनं असतील, तर दर तीन फटींमागे एक फट एवढी मोठी निघते. वाहनं १,२०० झाली की हेच प्रमाण नऊमागे एकावर येतं. आडव्या रस्त्याच्या एका लेनमधून पहिल्या स्थितीत तासाला सुमारे ५०० वाहनं निघू शकतात, दुसऱ्या स्थितीत जेमतेम २००. वाहतूक दुप्पट झाली पण वाट मिळण्याची शक्यता निम्म्याहून खूप खाली गेली. चौक ‘अचानक’ बिघडल्यासारखा वाटतो तो यामुळे. फार वेळ ताटकळलेले चालक मग चार सेकंदांच्या फटीतही घुसतात, दुचाकी आधी पुढचं चाक घालतात, आणि काटकोनातल्या धडका इथेच होतात.

या हिशेबात दोन गोष्टींनी फरक पडतो. मुख्य रस्त्यावर मागे कुठे सिग्नल असेल, तर वाहनं घोळक्याने येतात आणि दोन घोळक्यांच्या मध्ये मोठी मोकळी जागा पडते, म्हणजे आकडा मोठा असूनही वाट मिळते. दुसरं, दुभाजकाच्या तोंडात एक कार आडवी थांबू शकेल एवढी, म्हणजे सहा मीटरच्या आसपास जागा असेल, तर चालक एकेक दिशा वेगळी पार करतो. मग १,२००चा प्रश्न ६००च्या दोन सोप्या प्रश्नांत मोडतो. तुमचा दुभाजक मोजा.

आता मोजणी. किमान १२ तास, शक्य असेल तर १६, नेहमीच्या कामाच्या दिवशी. आठवडी बाजार किंवा सुटीचा दिवस हवा असेल तर तो वेगळा मोजा, सरासरीत मिसळू नका. दर १५ मिनिटांना नोंद, प्रत्येक बाजूसाठी डावीकडे, सरळ आणि उजवीकडे असे तीन रकाने, वाहनांचे प्रकार वेगळे, पादचारी वेगळे. सगळ्यात जास्त होणारी चूक ही: लोक स्टॉप लाइन ओलांडणारी वाहनं मोजतात. रांग लागलेली असेल तेव्हा तो आकडा चौकातून किती निघाली ते सांगतो, किती आली ते सांगत नाही. आडव्या रस्त्यावर रांगेच्या शेपटाशी एक माणूस किंवा कॅमेरा हवाच. नाहीतर गरज सगळ्यात जास्त असलेल्या तासातच आकडा कमी दिसतो आणि प्रस्ताव चुकीच्या कारणाने फेटाळला जातो.

खोळंबा मोजायला यंत्र लागत नाही. गर्दीच्या एका तासात दर १५ सेकंदांनी आडव्या रस्त्यावर उभी असलेली वाहनं मोजून लिहायची. तासात २४० नोंदी होतात. त्यांची बेरीज गुणिले १५, म्हणजे एकूण थांबलेले सेकंद. बेरीज ९६० आली तर १४,४०० सेकंद, म्हणजे चार वाहन-तास. अमेरिकेच्या ‘एमयूटीसीडी’ या नियमपुस्तिकेत एका लेनच्या आडव्या रस्त्यासाठी हीच चार वाहन-तासांची मर्यादा आहे. सोबत त्या बाजूने तासाला किमान १०० वाहनं आणि चार रस्त्यांच्या चौकात सगळी मिळून ८०० वाहनं असावी लागतात. सोप्या भाषेत, तासभर सरासरी चार वाहनं सतत उभी दिसली तर प्रकरण गंभीर आहे.

भारतात यासाठी रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची ‘आयआरसी ९३’ ही १९८५ची मार्गदर्शिका वापरतात. तुमच्यासारख्या चौकासाठी, म्हणजे मुख्य रस्त्याला दोन किंवा जास्त लेन आणि आडव्याला एक, तिचे निकष असे आहेत. आठ तासांची सरासरी घेऊन मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंची मिळून तासाला ८०० वाहनं आणि आडव्या रस्त्याच्या जास्त गर्दीच्या बाजूने २००. किंवा मुख्य रस्त्यावर १,२०० आणि आडव्यावर १००, कारण तिथे अडचण फट न मिळण्याची असते. पादचाऱ्यांसाठी: मुख्य रस्त्यावर तासाला ६०० किंवा जास्त वाहनं (निदान १.२ मीटर रुंदीचा उंच दुभाजक असेल तर १,०००) आणि तासाला १५० माणसं ओलांडणारी. अपघातांसाठी: बारा महिन्यांत पाच किंवा जास्त, तेही सिग्नलने टळू शकतील अशा प्रकारचे.

‘टळू शकतील अशा प्रकारचे’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. पोलिसांकडून तीन वर्षांच्या नोंदी घ्या आणि चौकाच्या नकाशावर प्रत्येक धडक बाणांनी काढा: कोण कुठून आला, कुठे जात होता, वेळ काय, रस्ता ओला होता का. काटकोनातल्या धडका आणि डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीत उजवीकडे वळताना समोरच्याशी झालेल्या धडका सिग्नलने कमी होतात (उजव्या वळणाला स्वतंत्र वेळ दिली तर नक्कीच). मागून आदळण्याच्या धडका बहुतेक ठिकाणी वाढतात. कारण पूर्वी न थांबणारा मुख्य रस्ता आता थांबायला लागतो. नकाशावर सगळे बाण मागून आदळण्याचेच असतील, तर सिग्नलने तुमचा चौक सुरक्षित होणार नाही. रात्री उशिराच्या, भरधाव वेगाच्या धडका असतील तर उपाय वेगावर आणि दिव्यांच्या उजेडावर हवा.

निकष पूर्ण झाला म्हणजे सिग्नल बसवलाच पाहिजे, असं नाही. अमेरिकी पुस्तिका हे स्पष्ट शब्दांत सांगते. निकष म्हणजे अभ्यास पुढे न्यायची परवानगी, एवढंच समजा. फिलाडेल्फियात १९७८ ते १९९२ या काळात गरज नसलेले १९९ सिग्नल काढून त्या जागी सर्व बाजूंना ‘थांबा’चे फलक लावले गेले, आणि अपघात सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाले. ते चौक कमी वाहतुकीचे, एकेरी रस्त्यांचे होते. तुमचा तसा नाही. पण नको तिथला सिग्नल धोका वाढवू शकतो, हे त्यावरून कळतं.

म्हणून आधी कमी खर्चाचे उपाय करून बघा आणि मग पुन्हा मोजा. कोपऱ्यापासून निदान २०-२५ मीटर पार्किंग बंद. आडव्या रस्त्याच्या चालकाची नजर अडवणारे फलक, फांद्या, टपऱ्या हटवणं. बसथांबा चौक ओलांडून पुढे नेणं. पादचाऱ्यांसाठी दुभाजकात थांबायची सुरक्षित जागा. आडव्या रस्त्यावरून उजवीकडे वळणं बंद करून त्या वाहनांना डावीकडे सोडायचं आणि पुढे यू-टर्न द्यायचा, हा उपाय तर अनेकदा एकटाच पुरतो. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना छेदतात, मिळतात किंवा फुटतात. दुभाजकाचं तोंड बंद केलं की त्यांतले बरेच नाहीसे होतात. जागा असेल तर गोल चौकाचा विचार करा, तिथे हा आकडा आठवर येतो. मात्र सगळ्या बाजूंनी मिळून तासाला ३,००० वाहनांच्या वर गेलं की गोल चौकही तुंबतो.

सिग्नल लागणारच असं ठरलं, तर खांब उभे करण्याआधी वेळेचं गणित कागदावर करा. अनेक चौक इथे फसतात. दुचाकी अर्धी, कार एक, बस किंवा ट्रक साधारण तीन असं सगळं कारच्या एककात बदलून घ्या. सात मीटर रुंदीच्या बाजूने, सलग हिरवा दिवा असता तर, तासाला सुमारे ३,६७५ एककं निघतील (मीटरमागे ५२५). साडेतीन मीटरच्या बाजूने सुमारे १,९००. समजा मुख्य रस्त्याच्या जड बाजूने १,१०० एककं येतात: प्रमाण (येणारी भागिले निघू शकणारी) ०.३०. आडव्या रस्त्याच्या जड बाजूने ४७५: प्रमाण ०.२५. समोरासमोरच्या बाजू एकत्र सोडल्या, म्हणजे दोनच फेज (हिरव्याच्या पाळ्या) ठेवल्या, तर बेरीज ०.५५. वाया जाणारा वेळ १० सेकंद धरा. ब्रिटिश वाहतूक संशोधक वेबस्टर यांनी १९५८ मध्ये मांडलेलं फेरीच्या लांबीचं सूत्र असं: वाया वेळेची दीडपट अधिक पाच, भागिले एक वजा ती बेरीज. वीस भागिले ०.४५, म्हणजे सुमारे ४५ सेकंदांची फेरी. उरलेले ३५ सेकंद प्रमाणात वाटले की मुख्य रस्त्याला १९ आणि आडव्याला १६ सेकंद हिरवा.

आता पादचारी घाला. मुख्य रस्ता १४ मीटर रुंद असेल, तर सेकंदाला १.२ मीटर चालीने १२ सेकंद, आणि पाऊल टाकायला सुरुवातीचे सात, असे १९ सेकंद लागतात. आडव्या रस्त्याचा हिरवा १६ सेकंदांचाच आहे. म्हणजे माणूस मधेच अडकणार. म्हणून तो हिरवा १९ करायचा, मुख्य रस्त्याचा त्या प्रमाणात २३ आणि फेरी ५२ ते ५५ सेकंदांची. जवळ शाळा किंवा दवाखाना असेल तर चाल १ मीटर किंवा त्याहून कमी धरा. या पायरीवर कृपया घाई करू नका. वाहनांच्या गणितात बसणारा सिग्नल म्हाताऱ्या माणसाला रस्त्याच्या मध्यावर सोडून देतो.

तेच चारही बाजूंना एकेक वेगळी फेज दिली तर? प्रमाणं ०.३०, ०.२६, ०.२५ आणि ०.२१ धरली तर बेरीज १.०२ होते. बेरीज एकाच्या वर गेली की कुठलीही फेरी पुरत नाही. १२० सेकंदांची करा की १८०ची, रांग संपतच नाही. वेगळी फेज फक्त उजवं वळण खरोखर मोठं असेल तिथे, आणि उजवीकडे वळणाऱ्यांना उभं राहायला निदान पाच-सहा कारची वेगळी लेन मिळत असेल तरच. ती जागा नसेल तर वळायला थांबलेली पहिलीच कार मागच्या सरळ जाणाऱ्यांचा हिरवा खाऊन टाकते.

पिवळा दिवा ताशी ५० किलोमीटरच्या रस्त्यावर साडेतीन सेकंदांच्या आसपास, आणि २० मीटर रुंदीच्या चौकात सर्व बाजूंचा लाल दोन सेकंद. हे आकडे लोकांच्या आग्रहाखातर कमी-जास्त करू नका.

लाल दिव्यावर उभी राहणारी रांगही मोजून बघा. दर कारला सहा-सात मीटर धरले तर २० गाड्यांना १३० मीटर लागतात. तेवढ्या अंतरात दुसरा चौक असेल तर दोन्ही सिग्नल एकमेकांशी जोडूनच चालवावे लागतील. रेल्वे फाटक असेल तर रांग रुळांवर जाऊ नये याची तांत्रिक सोय झाल्याशिवाय सिग्नल सुरूच करू नये.

सुरू झाल्यावर काय बिघडतं तेही आधीच माहीत असावं. वाहन ओळखण्यासाठी रस्त्यात पुरलेली तार खोदकामात तुटते. मग यंत्रणा वाहन सतत आहे असं समजून रिकाम्या बाजूला पूर्ण वेळ हिरवा देत राहते. फांदी वाढून दिवा झाकला जातो. वीज गेली की चौक पूर्वीपेक्षा धोकादायक होतो, कारण मुख्य रस्त्यावरचे चालक आपल्याला हिरवा असेल असं गृहीत धरतात. म्हणून बॅटरी हवीच, आणि एकाच वेळी एकमेकींना छेदणाऱ्या दोन बाजूंना हिरवा लागला तर सगळं लुकलुकत्या दिव्यावर नेणारी संरक्षण यंत्रणाही. देखभाल कोण करणार, बिघाड किती तासांत दुरुस्त होणार, हे करारात लिहून घ्या. पहिला महिनाभर रोज गर्दीच्या वेळी कोणीतरी चौकात उभं राहून हिरवा संपताना किती गाड्या उरतात ते लिहावं. एकाच बाजूला सलग तीन-चार फेऱ्यांत गाड्या उरत असतील आणि दुसरीकडे हिरवा रिकामा जात असेल, तर दोन-तीन सेकंद इकडून तिकडे न्या आणि पुन्हा मोजा.