रोममध्ये कमी पैशांत तीन दिवस नीट फिरता येईल का?

हो, कारण रोममधली कितीतरी उत्तम चित्रं संग्रहालयांत नसून फुकट प्रवेशाच्या चर्चमध्ये आहेत. सान लुइजी देई फ्रांचेझीत प्रसिद्ध इटालियन चित्रकार काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, सांता मारिया देल पोपोलोत दोन आणि सांतागोस्तीनोत एक. ही तिन्ही चर्च एका दिवसात पायी होतात. बरीच चर्च दुपारी बंद असतात, म्हणून सकाळीच निघा. सुटी नाणी जवळ ठेवा: काही ठिकाणी नाणं टाकल्यावरच चित्रावरचा दिवा लागतो, आणि तो थोड्याच वेळात विझतो. खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

पाणी विकत घेऊ नका. रस्त्यावरच्या ‘नाझोनी’ नळांचं पाणी पिण्याचंच असतं. कॉफी काउंटरपाशी उभ्यानं प्या. टेबलाशी बसलात की बहुतेक ठिकाणी दर वाढतो. बस-मेट्रोचं साधं तिकीट 100 मिनिटं चालतं, मेट्रोला मात्र एकदाच. कागदी तिकीट बसमधल्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घेतली नाही तर तिकीट असूनही दंड होतो.

एक लक्षात ठेवा: महिन्याच्या पहिल्या रविवारी कलोसियम फुकट असतं, पण गर्दी प्रचंड. दिवस तीनच असतील तर दुसऱ्या दिवशी तिकीट काढून गेलेलं बरं. पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिरालाही 2023 पासून तिकीट आहे.