८ टॅब, ३२ मुलं आणि एकच शिक्षक

ब्लेंडेड लर्निंग, म्हणजे शिक्षकांचं शिकवणं आणि पडद्यावरचा सराव यांची सांगड, या विषयावर प्राथमिक शिक्षकांची बरीच पत्रं आली. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : तिसरीच्या वर्गात ३२ मुलं आहेत आणि टॅब ८. तासिका ४० मिनिटांची. चार गट फिरवायला गेलं की वेळ पुरत नाही. हे बसवायचं कसं?

चारही फेऱ्या एकाच तासिकेत घेऊ नका. ८-८ मुलांचे चार गट करा. एक गट तुमच्यापाशी, एक टॅबवर, एक जोडीजोडीने साहित्य हाताळणारा आणि एक वहीत सराव करणारा. दिवसाला दोनच फेऱ्या घेतल्या की दोन दिवसांत चक्र पुरं होतं. सुरुवातीला ५ मिनिटं सूचना, मग १४ मिनिटांची फेरी, २ मिनिटं जागाबदल, पुन्हा १४ मिनिटं, आणि शेवटी ५ मिनिटं आवराआवर.

१४ मिनिटं थोडी वाटतील. पण एरवी ४० मिनिटांत ३२ मुलं म्हणजे मुलामागे सव्वा मिनिट, तेही फळ्यावरचं लिहिणं धरून. ८ जणांच्या गटात मुलामागे पावणेदोन मिनिटं मिळतात आणि त्याची वही तुमच्या हाताशी असते. टॅब आणायचे ते याचसाठी. ते शिकवतात म्हणून नव्हे, तर तुम्हाला एका गटापाशी निवांत बसता यावं म्हणून.

पहिला आठवडा टॅब कपाटातच राहू द्या. घंटा वाजली की वही उचलायची आणि उजवीकडच्या जागेवर जाऊन बसायचं, एवढंच घोटून घ्या. ही सवय लागली नसेल, तर २ मिनिटांचा जागाबदल ७ मिनिटांवर जातो आणि दुसरी फेरी बुडते.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो लॉगिनमध्ये. आठ वर्षांच्या मुलाला पासवर्ड टाइप करायला लावलं, तर फेरीतली चार-पाच मिनिटं त्यातच संपतात. ॲपमध्ये चित्रांचा पासवर्ड किंवा क्यूआर कार्डाची सोय असेल तर तीच वापरा. टॅबना क्रमांक द्या आणि प्रत्येक गटातल्या तिसऱ्या मुलाला कायम ३ क्रमांकाचाच टॅब द्या, म्हणजे बिघाड कुठे आणि केव्हा झाला ते लगेच कळतं. हेडफोन वायरचेच घ्या. ब्लूटूथचे आठ हेडफोन एका खोलीत असले की कुठला कशाला जोडला गेलाय हे शोधण्यातच फेरी जाते.

आणि टॅब अडला म्हणून तुम्ही उठू नका. अडलेल्या मुलाने टॅबवर लाल कार्ड ठेवायचं, शेजाऱ्याला विचारायचं, तरीही जमलं नाही तर वहीतलं पुढचं गणित सोडवायचं. तुम्ही एकदा उठलात की समोरच्या आठ जणांचा धागा तुटतो आणि दुसऱ्या दिवशी चार लाल कार्डं वर येतात.

प्रश्न : ॲपच्या अहवालात बहुतेक मुलांना वजाबाकीत ९० टक्के दिसतात, पण वहीत तीच गणितं चुकतात. विश्वास कशावर ठेवायचा?

वहीवर. चार पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारातून एकदा उत्तर बरोबर येतं. चुकल्यावर पुन्हा संधी मिळत असेल तर उरलेल्या तिघांतून एक निवडायचा, आणि काही ॲप दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाचं उत्तरही बरोबरच धरतात. म्हणून अहवालात पहिल्या प्रयत्नाचे गुण आणि लागलेला वेळ, हे दोनच रकाने आधी पाहा. हातच्याची दहा गणितं एका मिनिटात झाली असतील, तर ती सोडवलेली नाहीत.

त्याहून मोठी अडचण अशी की ॲपला चूक दिसते, चुकीचं कारण दिसत नाही. ७२ – ३६ हे गणित घ्या. एकाने ४४ लिहिलं. त्याने एककाच्या घरात २ मधून ६ जात नाहीत म्हणून ६ मधूनच २ वजा केले. दुसरीने ४६ लिहिलं. तिने दशक सुटा केला, पण ७ चे ६ करायला विसरली. तिसऱ्याने ६३ लिहिलं. त्याची वजाबाकी अगदी बरोबर आहे. उत्तर छत्तीस आलं, आणि ‘छत्तीस’ म्हणताना सहा आधी ऐकू येतो म्हणून त्याने ६ आधी लिहिला. पडद्यावर तिघांनाही एकसारखीच लाल फुली.

पहिल्याला दशकाचे गठ्ठे सोडून सुट्या काड्या मोजायला द्या. दुसरीला गठ्ठा सोडल्यावर लगेच वरचा ७ खोडून ६ लिहायची सवय लावा. तिसऱ्याला वजाबाकीचा जादा सराव देणं हा त्याच्यावर अन्यायच आहे. त्याला संख्या ऐकून दशक-एककाच्या घरात मांडायला हवी.

म्हणून नियम ठेवा : आधी वहीत मांडणी, मग पडद्यावर उत्तर. टॅबच्या फेरीत पाचच गणितं द्या. आवराआवरीच्या वेळी चिठ्ठीवर आणखी तीन. या चिठ्ठ्यांचे चुकीच्या प्रकारानुसार ढीग करा. दुसऱ्या दिवशीचे गट त्यातूनच पाडायचे. ‘हुशार’ आणि ‘कच्चे’ असे वर्षभराचे गट करू नका. मुलांना ते दोन दिवसांत कळतं आणि मनाला लागतं.

प्रश्न : मुलांनी घरी व्हिडिओ पाहून यावं आणि वर्गात सराव करावा, ही पद्धत दुसरीला चालेल का?

आमचं मत, नाही. या पद्धतीचं ‘फ्लिप्ड क्लासरूम’ हे नाव गाजलं ते अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या शिक्षकांच्या २००७ पासूनच्या प्रयोगांमुळे. ते माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते आणि गैरहजर राहणाऱ्यांसाठी तास ध्वनिचित्रित करू लागले होते. ती मुलं मोठी होती. सात वर्षांचं मूल व्हिडिओ थांबवून मागे नेत नाही, ते नुसतं बघत राहतं. शिवाय घरातला फोन मोठ्यांच्या हातात असतो. ज्याला तो मिळाला नाही, ते मूल सकाळी मागे पडूनच वर्गात येतं.

व्हिडिओ वर्गातच दाखवा, तीन-चार मिनिटांचा. मध्ये दोनदा थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असं विचारा आणि उत्तर पाटीवर काढून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे इंटरनेट वारंवार जातं. मग हे सगळं सोडून द्यायचं का?

मुळीच नाही. कोलिब्री ही धडे, व्हिडिओ आणि सराव दाखवणारी मोफत संगणकप्रणाली ऑफलाइन वापरासाठीच बनवलेली आहे. एका संगणकावर ती आणि निवडलेला मजकूर एकदा उतरवून घ्यायचा, संगणक साध्या वायफाय राउटरला जोडायचा आणि टॅबच्या ब्राउझरमधून तो उघडायचा. बाहेरचं इंटरनेट लागत नाही. उतरवताना सगळं घेऊ नका. व्हिडिओंनी डिस्क लवकर भरते. चालू महिन्याचे घटक पुरेत.

वीज गेली तर राउटरही बंद पडतो, हे लक्षात ठेवा. त्यासाठी प्रत्येक टॅबच्या पिशवीत त्याच घटकाची पाच गणितं लिहिलेलं एक कार्ड ठेवा. फेरी तशीच चालू राहील आणि तुम्हाला जागचं उठावं लागणार नाही.