डी अँड डी फाइव्ह ई (डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्ले खेळाची पाचवी आवृत्ती) मध्ये अनडेड, म्हणजे मेलेलं पण चालतंफिरतं कॅरेक्टर खेळायचंय, डीएम (खेळ चालवणारा) तयार आहे, पण बनवायचं कसं आणि हीलिंगचं काय?

मी असं कॅरेक्टर दोनदा खेळलोय. पहिल्यांदा पार फसलं, दुसऱ्यांदा इतकं जमलं की ते कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट) संपून बराच काळ झाला तरी मला ते पात्र सोडवत नाही. तुम्ही हीलिंगचं विचारलंत हे बरं केलंत, कारण सगळी गडबड तिथेच होते, म्हणून आधी तेच सांगतो.

पहिल्या वेळी मला अगदी हाडांचा सांगाडाच हवा होता, म्हणून डीएमच्या मागे लागून क्रीचर टाइप, म्हणजे नियमांनुसार तो कुठल्या प्रकारचा जीव आहे ते, सरळ अनडेड करून घेतला. कागदावर एकदम भारी वाटतं, होल्ड पर्सन नाही, चार्म पर्सन नाही, कारण हे दोन्ही स्पेल फक्त ह्युमनॉइडवर (माणसासारख्या जीवांवर) चालतात. पण २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये क्युअर वूंड्स आणि हीलिंग वर्ड या बरं करणाऱ्या दोन्ही स्पेलमध्ये स्पष्ट लिहिलंय की अनडेडवर याचा काही परिणाम होत नाही, आणि पॅलाडिनच्या (पवित्र योद्ध्याच्या) हात लावून बरं करायच्या ले ऑन हँड्सचंही तेच. (२०२४ च्या नियमांत क्युअर वूंड्समधली ही अट काढलीये, त्यामुळे तुमच्या टेबलवर नक्की कुठले नियम चालतात ते आधी विचारा.) आमच्यात क्लेरिक (देवाच्या शक्तीने बरं करणारा धर्मगुरू) खेळणारी एक मैत्रीण होती. माझे हिट पॉइंट शून्यावर आले आणि मी पडलो, तिने सवयीने हीलिंग वर्ड टाकला आणि डीएमला नाही म्हणावं लागलं, तिची ती टर्नही गेली आणि स्पेलचा स्लॉटही (ते मोजकेच मिळतात) गेला. त्याहून वाईट म्हणजे टर्न अनडेड, क्लेरिकची अनडेडना पळवून लावायची शक्ती. ते ३० फुटांतल्या प्रत्येक अनडेडला लागतं ना, मग त्यात मीही आलोच, विस्डम सेव्ह (बचावाचा फासा) हुकला की मिनिटभर मी तिच्यापासून लांब पळत सुटणार, म्हणून समोर झाँबींची झुंड असतानाही ती ते वापरायचंच टाळायला लागली. माझी हौस झाली पण तिचा क्लास निम्मा झाला, आणि हे मला दोन सेशन खेळल्यावर लक्षात आलं याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी मीच ते पात्र थांबवलं.

तसं हे भांडण खेळाइतकंच जुनं आहे. डी अँड डी छापून आलं १९७४ ला, त्याच्याही आधी खेळाच्या दोन निर्मात्यांपैकी एक, डेव्ह आर्नसन यांच्या ब्लॅकमूर कॅम्पेनमध्ये एका खेळाडूचा सर फँग नावाचा व्हँपायर सगळ्यांना डोईजड झाला होता, आणि त्याला आवरायला व्हँपायरची शिकार करणारा एक धर्मगुरू खेळात आणला गेला. क्लेरिक हा क्लास तिथून आलाय! म्हणजे अनडेड खेळाडू आणि क्लेरिक एका टेबलवर बसवणार असाल तर त्या दोघांचं मुळातच वाकडं आहे हे धरून चाला आणि क्लेरिक खेळणाऱ्याशी आधी बोला, डीएमने होकार दिला एवढ्यावर भागत नाही.

आता नेमकं काय घ्यायचं. माझं मत विचाराल तर रीबॉर्न, म्हणजे मरून परत आलेल्यांचा वंश, व्हॅन रिक्टेन्स गाइड टू रेव्हनलॉफ्ट या २०२१ च्या पुस्तकातलं. टाइप ह्युमनॉइडच राहतो त्यामुळे हीलिंग चालतं, रिव्हिव्हिफाय (नुकत्याच मेलेल्याला उठवणारा स्पेल) चालतं, टर्न अनडेड तुम्हाला लागत नाही, पण खेळताना मेलेपण पुरेपूर जाणवतं. खाणंपिणं लागत नाही, श्वास लागत नाही, झोप लागत नाही, नुसतं ४ तास निश्चल बसलात की लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) पूर्ण. पॉइझन डॅमेज निम्मं लागतं आणि डेथ सेव्हला (शून्यावर पडल्यावर जगण्यासाठी टाकायचा फासा) अ‍ॅडव्हांटेज मिळतो. सांगाडाच हवा असेल तर दिसायला सांगाडा ठेवा की, वर्णन तुमच्या हातात आहे, त्यासाठी टाइप बदलायची गरज नाही.

दुसरा पर्याय होलो वन, एक्सप्लोरर्स गाइड टू वाइल्डमाउंट मधला. हा वंश नाही, कुठल्याही वंशावर वरून चढवायचा. डेथ सेव्हला १६ किंवा वर आलं तर १ हिट पॉइंट घेऊन उठता, आणि अनडेड शोधणाऱ्या स्पेलना तुम्ही अनडेड म्हणूनच दिसता, म्हणजे गावातला पॅलाडिन डिव्हाइन सेन्स (अनडेड ओळखायची शक्ती) लावतो आणि अख्ख्या पार्टीला उत्तर द्यायची वेळ येते. डीएमला असले प्रसंग आवडत असतील तर हा घ्या. आणि अगदी खरंखुरं अनडेड, हीलिंग उलटं चालणारं, असंच पाहिजे असेल तर पाथफाइंडर सेकंड एडिशन या दुसऱ्या खेळाकडे बघा, २०२२ च्या बुक ऑफ द डेडमध्ये स्केलेटन हा रीतसर वंश आहे. तिथे हील स्पेलने तुम्हाला इजा होते आणि हार्म तुम्हाला बरं करतो, नियमच तसे बनवलेत त्यामुळे मधे जुगाड करावा लागत नाही.

पण नियमांपेक्षा जास्त वेळ तुम्ही एका गोष्टीवर घालवा असं मला मनापासून वाटतं, ती म्हणजे मरणाने या माणसाचं काय काढून घेतलं. बहुतेक जण मिळालेल्या गोष्टींचीच यादी करतात, विष बाधत नाही, झोप नको, आणि मग तिसऱ्या सेशनला ते पात्र म्हणजे रात्री पहारा द्यायला सोयीचा फायटर एवढंच उरतं. रीबॉर्नमध्ये यासाठी एक फार सुंदर सोय आहे, नॉलेज फ्रॉम अ पास्ट लाइफ, म्हणजे स्किल चेक (कौशल्याचा फासा) करताना एक डी६ (सहा बाजूंचा फासा) टाकून वर मिळवायचा, लाँग रेस्टमागे प्रोफिशियन्सी बोनसइतक्या (लेव्हलप्रमाणे वाढणारा आकडा) वेळा. लोक हा नुसता प्लस म्हणून वापरतात. मी दुसऱ्या वेळी बुडून मेलेला एक नावाडी केला होता आणि स्वतःलाच एक नियम घातला, की डी६ उचलला की आधी त्या माणसाची एक आठवण बोलायची, एकच वाक्य, मगच फासा टाकायचा. कुलूप उघडताना बायकोने किल्ली कुठे लपवली होती ते आठवलं, पण बायकोचं नाव नाही आठवलं. डीएम हे सगळं लिहून ठेवत होता हे मला माहीतच नव्हतं.

कॅरेक्टरची गोष्ट देताना मी एवढंच लिहिलं होतं की नदीत बुडाला, आणि कसा बुडाला ती जागा मुद्दाम कोरी ठेवली. मग सातव्या लेव्हलच्या आसपास एका गोदामात बांधून ठेवलेल्या माणसाला सोडवताना मी गाठीसाठी डी६ घेतला आणि म्हणालो, ही गाठ मी रोज मारायचो, नाव धक्क्याला बांधताना. डीएम दोन क्षण थांबून म्हणाला, हो, आणि शेवटची बघितलीस ती तुझ्याच पायांवर होती. टेबलवर कोणी काही बोललंच नाही. खून झाला होता हे मलाही तेव्हाच कळलं आणि पुढचं सगळं कॅम्पेन त्या गाठीमागे गेलं.

तेव्हा ती कोरी जागा ठेवाच. आणि तुमचं कॅम्पेन आधीच चालू असेल तर नवीन पात्र आणायचीही गरज नाही, चालू पात्र मेलं तर तेच रीबॉर्न होऊन परत येऊ शकतं, जुन्या वंशाकडून मिळालेली स्किल प्रोफिशियन्सी आणि उडायचा, पोहायचा, चढायचा वेग तसाच ठेवता येतो, बाकी वंशाची वैशिष्ट्यं जातात. तसं झालं तर क्लेरिकवाल्याला काही वेगळं समजवावं लागत नाही, त्याच्यासमोरच तुम्ही मेलेले असता.